बाईच्या हाती दोन किलो, पुरुषाच्या हाती वीस: हे कोणत्या मापाने?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य पुरवण्यांत आणि जिमच्या फलकांवर व्यायामाची आखणी अजूनही दोन रकान्यांत येते. 'महिलांसाठी' म्हणजे ट्रेडमिल, झुंबा आणि दोन किलोचे डंबेल. 'पुरुषांसाठी' म्हणजे बेंच प्रेस, बायसेप्स आणि आणखी वजन. नाव नोंदवल्यावर पुष्कळदा एकही हालचाल करून न घेता यातला एक कागद हातात दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत मात्र असे रकाने नाहीत. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम करावा आणि किमान 2 दिवस मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम करावेत, एवढेच त्या सांगतात. हे आकडे स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच लागू आहेत.

वजन उचलले की अंग पुरुषी होईल, ही भीती अजून गेलेली नाही. प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या साधारण 15 पट असते आणि तरीही पुरुषांना स्नायू वाढवायला वर्षे लागतात. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. तेवढ्यात आकार फारसा बदलत नाही. दोन किलोचा डंबेल पन्नास वेळा हलवून दंडावरचीच चरबी उतरेल हाही गैरसमजच, कारण चरबी एका ठरावीक जागेवरून उतरवता येत नाही. यात खरे नुकसान हाडांचे होते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते आणि हाड ताण पडल्यावरच टिकते. ज्या बाईला आयुष्यभर हलकेच वजन दिले, तिच्या हाडांना तो ताण मिळालेलाच नसतो.

सरासरी ताकदीत फरक आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. कंबरेच्या वर जास्त आणि पायांत कमी. पण सरासरीवरून समोर उभ्या असलेल्या एका माणसाचे वजन ठरत नाही. त्यासाठी साधी पद्धत आहे. ज्या वजनाने 8 ते 12 आवर्तने नीट होतात आणि शेवटी आणखी दोनच जमली असती असे वाटते, ते सुरुवातीचे वजन. बाराव्यानंतर आणखी पाच सहज निघत असतील तर वजन हलके आहे. सहाव्यालाच पाठ वाकत असेल तर जड आहे. सलग दोन वेळा सगळ्या सेटमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या आवर्तनांच्या प्रत्येक फेरीत, 12 झाली की वजन वाढवायचे.

वाढवायचे, पण कितीने? इथे जिमची सामग्रीच आड येते आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. डंबेल बहुधा अडीच-अडीच किलोच्या टप्प्याने ठेवलेले असतात. 20 वरून 22.5 म्हणजे साडेबारा टक्के वाढ, पण 5 वरून 7.5 म्हणजे थेट पन्नास टक्के. हलक्या वजनापासून सुरुवात करणारी व्यक्ती तिथेच अडकते आणि मग 'बायकांची प्रगती होत नाही' असा निष्कर्ष निघतो. अर्धा आणि एक किलोच्या छोट्या प्लेट ठेवल्या तर हा प्रश्न सुटतो. बारचे, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेट लावायच्या दांड्याचेही तसेच. वेटलिफ्टिंग स्पर्धेतला पुरुषांचा बार 20 किलोचा आणि 28 मिलिमीटर जाड, महिलांचा 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर. बहुतेक ठिकाणी फक्त पहिलाच असतो. लहान पंजाच्या माणसाची पकड त्यावर आधी सुटते, पाठ आणि पाय दमायच्या कितीतरी आधी. डोक्यावर उचलायच्या व्यायामात नुसता रिकामा बारही जड पडला की कंबर मागे वाकते. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभे राहण्याच्या व्यायामात, 450 मिलिमीटर व्यासाच्या प्लेट लावल्या तर बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. हलकी म्हणून छोटी प्लेट लावली की तो आणखी खाली जातो आणि उचलताना पाठीला बाक येतो. बार ठोकळ्यांवर ठेवून नडगीच्या मध्यापर्यंत आणला तर तीच व्यक्ती नीट उचलते.

गुडघे टेकून काढलेल्या पुशअपला 'लेडीज पुशअप' म्हणणे आता बंद व्हावे. नवशिक्या पुरुषालाही पूर्ण पुशअप जमत नाही आणि लाजेपोटी तो कंबर खाली सोडून अर्धेमुर्धे काढत राहतो. दोघांसाठी उपाय एकच: हात कंबरेच्या उंचीच्या भक्कम आधारावर, शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ, 8 ते 10 चे तीन सेट. 12 जमले की आधार एक टप्पा खाली घ्यायचा.

पुरुषांचेही या रकान्यांनी कमी नुकसान केलेले नाही. स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम आणि योग 'बायकांचे' म्हणून सोडले जातात. पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारी पिलाटीस ही व्यायामपद्धतीही तशीच, जरी ती पद्धत रचणारे जोसेफ पिलाटीस स्वतः मुष्टियुद्ध खेळलेले होते. छातीचे चार प्रकार आणि पाठीचा एकही नाही, अशी आखणी खांद्याच्या दुखण्याकडे नेऊ शकते. ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे ओढण्याचा एक सेट हवा. पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का ते बघावे. लागत नसेल तर घोटा आखडलेला असू शकतो आणि स्क्वॉटमध्ये, म्हणजे बैठक मारताना, टाचा उचलल्या जाऊ शकतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायामही फक्त बाळंतपणानंतरचे नाहीत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांना तेच शिकवतात.

लिंगानुसार खरोखर वेगळे पाहावे असे काही आहे, पण नेमके तेच या रकान्यांत नसते. उडी आणि वळणाच्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला एसीएल अस्थिबंध जास्त फाटतो. उडीवरून उतरताना गुडघे आत न वळू देण्याचा सराव, ताकदीच्या व्यायामांसह आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे केला तर हा धोका कमी होतो. पाळी सुरू असताना त्रास नसेल तर व्यायाम थांबवण्याचे कारण नाही. मात्र भरपूर व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर ते तंदुरुस्तीचे लक्षण मानू नये. पोटात जाणारे अन्न श्रमाला पुरत नाही, हे त्यामागचे कारण असू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवावे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये हा प्रश्न मांडताना पुरुष खेळाडूंचाही त्यात समावेश केला.

आपल्याकडे विनंती आहे की व्यायामाचा मजकूर छापताना 'महिलांसाठी पाच हलके व्यायाम' असे मथळे टाळावेत. सुरुवातीचे वजन कसे ठरवायचे, ते कधी वाढवायचे आणि कशाने दुखले तर थांबायचे, हे प्रत्येक व्यायामासोबत छापावे. छायाचित्रात बारबेलपाशी बाई आणि योगासनाच्या चटईवर पुरुषही दिसू द्यावा.

आपला,
एक व्यायाम प्रशिक्षक