गाण्यासोबत गीतकाराचेही नाव द्या

संपादक महोदय,
स. न.

मोबाइलवर जुनी मराठी लोकगीते लावली की गायकाचे नाव दिसते, मालक कंपनीचे तर हमखास दिसते. गीतकार-संगीतकारांचा मात्र अनेकदा पत्ताच नसतो. ही हेळसांड किरकोळ नाही. रचना कोणाची याची नोंदच नसेल, तर रॉयल्टीचा वाटा पोहोचवणार कुणाला?

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, त्यानंतर कित्येक दशके आपल्याकडे तबकडी म्हणजे ग्रामोफोन कंपनी, अर्थात एचएमव्ही, असेच समीकरण होते. कोणाचा आवाज घरोघर जायचा, हे बऱ्याच अंशी तीच ठरवी. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने ही मक्तेदारी मोडली. टी-सीरिज त्याच लाटेवर मोठी झाली. मला मात्र मोल वाटते ते मुंबई-पुण्यातल्या लहान कंपन्यांचे. भीमगीते, कोळीगीते, पोवाडे, देवांची गाणी त्यांनी जत्रांमधल्या कॅसेटच्या दुकानांपर्यंत नेली. मोठ्या कंपनीने दारात उभे केले नसते अशा कितीतरी शाहिरांचा आवाज त्यांच्यामुळेच टिकला.

व्यवहार मात्र कच्चा. माझ्या मामांनी अशाच एका कंपनीसाठी खंडोबाची गाणी लिहिली. एकरकमी पैसे, व्हाउचरवर सही, विषय संपला. तरी कॅसेटच्या आतल्या कागदावर ‘गीत’ या शब्दापुढे त्यांचे नाव ठळक छापलेले होते. पुढे सगळा साठा दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. आज तीच गाणी यूट्यूबवर जाहिरातींसह चालतात. मामांचे नाव कुठेही नाही.

२०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा दिला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत पोटतिडकीने बोलले होते. जुन्या करारांवर वकील वाद घालतील, घालोत. पण नावाबाबत वादाला जागाच नाही: कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकले तरी रचना आपली आहे हे सांगण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो.

असे जुने साठे ज्या कंपन्यांकडे आहेत, त्यांनी कॅसेटच्या कागदांवरची नावे ऑनलाइन चढवावीत. संग्राहकांकडे हे कागद अजून सापडतात. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने जिल्हावार यादी करून कंपन्यांकडे आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे पाठपुरावा करावा. यातले बरेच गीतकार आज सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून हे काम याच वर्षी हाती घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा