बॅकग्राउंड काउंट ही औपचारिकता नव्हे

महोदय,

आपल्या विज्ञान पानावरची न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या अतिसूक्ष्म कणाच्या वस्तुमानाची बातमी वाचली. जर्मनीतल्या कार्ल्सरुहे येथील ‘कॅट्रिन’ प्रयोगाने २०२५ मध्ये या वस्तुमानाची कमाल मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक) खाली आणली. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या हिश्श्याहूनही हे कमी! आकडा छापलात याचा आनंद झाला, पण तो ज्या मेहनतीवर उभा आहे तिचा उल्लेख राहून गेला.

हा प्रयोग ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनवर चालतो. त्यातून न्यूट्रिनोसोबत बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा ठसा याच वरच्या टोकाला शोधावा लागतो आणि शेवटच्या एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात दहा लाख कोटींतले जेमतेम दोन इलेक्ट्रॉन येतात. इतक्या विरळ जागी बाहेरून घुसलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन घातक ठरतो.

अशा घुसखोरांची मोजणी म्हणजेच बॅकग्राउंड काउंट. ते येतात कुठून? काही रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे. त्याला अडवायला द्रव नायट्रोजनने थंड केलेले तांब्याचे पडदे बसवले. त्याहून चिवट निघाले ते स्पेक्ट्रोमीटरच्या (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा पारखणाऱ्या निर्वात टाकीच्या) पोलादी भिंतीत रुतलेले किरणोत्सारी शिसे-२१०. उभारणीच्या काळात हवेतल्या रेडॉनने ते मागे ठेवले. त्याच्या साखळीतल्या ऱ्हासाच्या धक्क्याने भिंतीवरचे अणू उत्तेजित होऊन निर्वात पोकळीत उडतात आणि भिंतींच्या साध्या उष्णतेने त्यांचे सैल इलेक्ट्रॉन सुटतात. इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या शोधकापाशी (डिटेक्टरपाशी) पोहोचेपर्यंत या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा खऱ्या इलेक्ट्रॉनांइतकीच झालेली असते, मग वेगळे काढायचे कसे? शास्त्रज्ञांनी ऊर्जा पारखण्याची जागा शोधकाच्या जवळ सरकवली, मधले आकारमान घटवले आणि हा उपद्रव जवळपास निम्मा केला. उगम नेमका कळला नसता तर हा उपाय सुचलाच नसता. मला यात फार मोठे विज्ञान दिसते.

आपल्या नाशिकच्या महाविद्यालयांत किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरच्या प्रात्यक्षिकात बॅकग्राउंड काउंट, म्हणजे किरणोत्सारी स्रोत न ठेवता केलेली मोजणी, एकदा घेतात, वजा करतात आणि विसरतात. माझी प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे, हाच स्वतंत्र प्रयोग करा. बंद खोलीत, गच्चीवर, पांडवलेणीच्या पायथ्याशी काळ्या दगडाजवळ मुलांना तासन्‌तास मोजू द्या. पडलेला फरक मोजणीच्या वर्गमुळापेक्षा (साधारण तेवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो) ठळकपणे मोठा आहे का, हे त्यांनीच ठरवावे आणि असल्यास कारण शोधावे. त्यांच्या नोंदींना आपण विज्ञान पानावर जागा द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक