नेपाळात सोयाबीन किती पिकतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औसा तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन, त्यातल्या तीन एकरात दरवर्षी सोयाबीनच असतं. २०२४ च्या दिवाळीत लातूरच्या मोंढ्यात माझा माल क्विंटलला ४,१०० नं गेला, हमीभाव होता ४,८९२. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल परत पाठवला आणि दुकानदाराची उधारी डोक्यावर असताना पोती घरात किती दिवस ठेवणार.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला केंद्रानं खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली होती, रिफाइंडवर सेस-बिस धरून ३५.७५ टक्के, कच्च्या तेलावर २७.५, आम्हाला वाटलं आता तरी भाव निघेल. पण साफ्टा म्हणून जो दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे, त्यात नेपाळहून येणाऱ्या तेलाला ड्युटी शून्य. आता नेपाळात सोयाबीन पिकतं असं कितीसं? अर्जेंटिना-ब्राझीलचं कच्चं सोयातेल कोलकाता-हल्दियाला उतरतं, आपल्याच रस्त्यानं तिकडं जातं, तिथं रिफाइंड होतं आणि बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलवरून परत आपल्याकडं येतं. करारात अट आहे की नेपाळसारख्या देशाच्या मालाची निदान ३० टक्के किंमत तिथंच तयार झालेली पाहिजे, नुसतं रिफाइंड करून एवढी किंमत वाढते का हे कुठल्याही तेलगिरणीवाल्याला विचारा.

भाव फक्त यानंच पडला असं मी म्हणत नाही. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंडच, आणि पेंडेलाही तेव्हा उठाव नव्हता. पण तेलाचा आधार गेला की गाळप परवडत नाही, मग गिरणीवाला मालच उचलत नाही. माझा चुलतभाऊ सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका सॉल्व्हंट प्लांटवर हमाली करतो, तिथं तीन पाळ्यांची एक पाळी झाली, त्याला आठवड्यातून तीन दिवस काम मिळायला लागलं, पोराची फी त्यानं व्याजानं पैसे काढून भरली. करार करताना अशा माणसाचा विचार कुणी केला होता का?

नेपाळशी आमचं भांडण नाही. तिथल्या शेतकऱ्याची मोठी वेलची, आलं, चहा खुशाल बिनड्युटी येऊ दे, त्यासाठीच तर करार आहे. या तेलात मात्र तिथल्या शेतकऱ्याच्याही हाती काही लागत नाही, फायदा आहे तो मधल्या व्यापाऱ्याचा.

आणि उपाय नाही असंही नाही. २००२ मध्ये नेपाळशी व्यापार कराराचं नूतनीकरण झालं तेव्हा वनस्पती तुपावर वर्षाला १ लाख टनांची मर्यादा घातली होती, तशीच रिफाइंड तेलावर का घालत नाहीत? २०२० पासून कस्टमचा नियम आहे की माल मूळचा कुठला याची माहिती आयातदारानं स्वतःजवळ ठेवायची, ती तपासा ना. ते करायचं सोडून ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलाची सेस सोडून मूळ ड्युटीच २० वरून १० टक्क्यांवर आणली, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर आमचं उरलंसुरलं संरक्षणही अर्ध्यावर.

आमच्या भागातल्या खासदारांनी संसदेत एवढं विचारावं, की सीमेवरून महिन्याला किती तेल येतं, त्याची बियाणं कुठल्या देशात पिकली आणि किती टँकरची कागदपत्रं खरंच तपासली. मळणी सुरू व्हायच्या आत विचारा, नंतर आमचा माल घरात नसतो.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक
ता. औसा, जि. लातूर