सूचना : पॉवर विंडोचे स्विच, येत्या रविवारी हिंगणघाटला

सभासद मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता, ऊन तापायच्या आत, हिंगणघाटच्या नेहमीच्या गॅरेजवर जुन्या गाड्यांचे पॉवर विंडो स्विच (बटणानं काच वर-खाली करायचे) उघडून साफ करायचे आहेत. टाटाची सिएरा असो, इस्टेट असो की जुनी मर्सिडीज, ज्यांच्या काचा अडल्या त्यांनी गाडीच आणावी. नुसता स्विच खिशात घालून येऊ नये.

कारण दोष बरेचदा स्विचचा एकट्याचा नसतो. काच ज्यात सरकते ते रबरी चॅनेल उन्हानं कडक होतं, त्यात धूळ बसते, मोटर जास्त करंट ओढते आणि स्विचचे पॉइंट, म्हणजे आत एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके, जळतात. चॅनेल तसंच ठेवून नवा स्विच टाकला तर तोही जाणार. शिवाय बऱ्याच गाड्यांत डाव्या काचेचा करंट ड्रायव्हरकडच्या स्विचमधून फिरून येतो. आधी तो तपासू.

– फ्यूज घरीच पाहून या.
– बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय कोणी हात घालू नये.
– पॉइंट पेट्रोलनं धुऊ नका. कॉन्टॅक्ट क्लीनर (असे पॉइंट साफ करायचा स्प्रे) आणा.
– खाली अंथरायला पांढरा पंचा आणा, आतली स्प्रिंग उडाली की मातीत सापडत नाही.

जुने तुटके स्विच फेकू नका भाऊ, आतले पॉइंट दुसऱ्याच्या कामी येतात. नावं शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.