महार बटालियनची झाडं आणि आपलं गायरान

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गावच्या गायरानावर झाडं लावायची म्हणून तुम्ही विचारलंत, त्याचं हे उत्तर. आई, आधी तुझी काळजी मिटवते. बाबांना या वयात कोणी परत वर्दी चढवायला लावत नाही. बाबा विचारत होते ती संभाजीनगरची झाडं लावणारी पलटण म्हणजे १३६ इको बटालियन, महार. बाबा, तुमच्याच रेजिमेंटची, पण प्रादेशिक सेनेतली (टेरिटोरियल आर्मी). २०१७ मध्ये उभी राहिली. नियमित सेनेचे मोजके अधिकारी-जवान, बाकी बहुतेक माजी सैनिक.

प्रादेशिक सेनेचं उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झालं. तिच्या पायदळाचे लोक एरवी आपापला कामधंदा सांभाळून वर्षातून दोनेक महिने प्रशिक्षणाला जातात. इको पलटणी मात्र बारमाही कामावर असतात. पहिली १९८२ ची, डेहराडूनची १२७, गढवाल रायफल्सची. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर बोडके केले होते, तिथं वस्ती करून तिनं झाडं उभी केली. दिल्लीच्या भाटी खाणींवर १३२ राजपूत ही इको पलटण गेली.

लावायला मजूरही चालतात, सैनिक कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. रोप लावणं दिवसाचं काम, राखणं तीन वर्षांचं. बकऱ्या, कुऱ्हाड, वणवा हे सगळं पावसाळा संपल्यावर येतं, आणि तेव्हा टेकडीवर कोणी नसतं. पलटण तिथंच राहते, एवढाच फरक.

आता आपलं गायरान. आधी पाणी अडवा, मग झाड. उताराला आडवे सलग समतल चर, ६० सेंटीमीटर रुंद, ३० खोल, माती खालच्या अंगाला. समपातळी ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराच्या ओळंबा लावलेल्या चौकटीनं काढा, नजरेनं नको. चर जरा कलला की सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फुटतो.

खड्डे एप्रिल-मेमध्येच घ्या, ४५ सेंटीमीटर लांब, रुंद, खोल, आणि उन्हात तापू द्या. खाली कातळ लागला तर तो खड्डा सोडून द्या. उथळ मुरमात रोप पहिल्याच उन्हाळ्यात जातं. वरची माती वेगळी ठेवून तीत शेणखत कालवून भरा. ३ बाय ३ मीटरवर हेक्टरी ११११ रोपं बसतात. आपल्या पाण्याकडे बघता ४ बाय ४, म्हणजे ६२५, पुष्कळ झाली.

पहिल्या सरीला लावायची घाई नको. ओल वीतभर उतरली की लावा. रोपं दीड-दोन वर्षांची, कंबरेएवढी. पिशवी फाडूनच काढा, आणि तळाशी गुंडाळलेली मुळं कापा, नाहीतर झाड दोन वर्षं बरं दिसून मग उभ्यानं वाळतं. कडुनिंब, करंज, अंजन, खैर, आपटा घ्या. कडेला सीताफळ, बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. सुबाभूळ कोणी फुकट दिली तरी नको.

ऑगस्टमध्ये नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा. दिवाळीनंतर आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि गवत वाळायच्या आत चहूबाजूंनी तीन मीटरची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा. फेब्रुवारीपासून दहा-पंधरा दिवसांनी झाडामागे दहा लिटर पाणी. त्या टँकरचा हिशेब खड्डे मोजण्याआधी करा.

आणि खड्ड्याला कुदळ लावण्याआधी ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव घ्या. गुरं कुठं चरायला न्यायची हेही त्यातच लिहा, नाहीतर धनगरवाड्याशी वाद ठरलेला.

तुमची,
लेक