शीतले, त्या चांदीवाल्या पॅडचं

प्रिय शीतल,

परवा तू फोनवर विचारलंस, मेडिकलवाला 'नॅनो सिल्व्हर' (म्हणजे चांदीचे अतिबारीक कण) लिहिलेलं पाळीचं पॅड देतोय, वापरू का म्हणून. मी बसमध्ये होते, नीट बोलता आलं नाही.

मी सध्या संभाजीनगरला लॅबमध्ये उंदरिणींचा स्मिअर (योनीतल्या पेशींचा नमुना) घ्यायला शिकायलेय. ड्रॉपरनं सलाइनचा थेंब हलक्या हातानं आत सोडायचा, परत ओढून काचेवर घ्यायचा अन् मायक्रोस्कोपखाली बघायचं. मुठीत ती इतकी गरम लागते अन् तिचं काळीज असं फडफडतं की पहिल्या दिवशी माझाच हात थरथरला. आपलं महिन्याचं चक्र त्यांचं ४-५ दिवसांत होतं. वाळल्या पापुद्र्यासारख्या, केंद्रक नसलेल्या पेशी दिसल्या की एस्ट्रस, म्हणजे ती माजावर आलेली; बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी असली की डायएस्ट्रस, म्हणजे दोन माजांमधला शांत काळ. यावरनं चक्र नीट चाललंय का ते कळतं.

आता चांदी, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांचे १ ते १०० नॅनोमीटरचे कण (आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो बघ) उंदरांना तोंडानं नाहीतर इंजेक्शननं दिले तर बऱ्याच प्रयोगांत ते अंडाशयापर्यंत गेलेत, तिथं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणारा रासायनिक ताण) वाढतो, बीजाला पोसणाऱ्या ग्रॅन्युलोसा पेशी मरतात, हार्मोन बिघडतात अन् चक्र अडखळतं. २०११ च्या एका जपानी प्रयोगात गाभण उंदरिणींना शिरेतून ३५ नॅनोमीटरचे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण दिले, ते वार (प्लॅसेंटा) ओलांडून पोटातल्या पिल्लांच्या यकृतात अन् मेंदूत सापडले, पिल्लं लहान राहिली. मला याचंच लय वाईट वाटतं, कारण पुरुषात शुक्राणू रोज नवे होतात, आपला बीजांचा साठा मात्र जन्मालाच ठरलेला, गेलेलं परत येत नाही.

घाबरू नको. तिथले डोस मोठे असतात, पॅडमधून तेवढं जात नाही, अन् उंदीर म्हणजे माणूस नाही. पण आतली नाजूक त्वचा हातावरच्या कातडीसारखी नसते, ती जास्त शोषते. गरज नसताना तिथं चांदी कशाला? तुला आठ तास बदलायला जागा नाही, उन्हाळ्यात टँकर आला तरच पाणी, हे मला माहितीये गं, म्हणूनच ते पॅड बरं वाटलं असणार. तरी साधंच घे, चार-सहा तासांनी बदल, कापड असलं तर कडक उन्हात वाळव, लाजून साडीखाली दडवू नको.

अन् खाज, पांढरं जाणं असेल तर बाईडॉक्टरला दाखव, आणि कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढा म्हणलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचार. आपल्या बीडमध्ये २०१९ ला ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं काय काय बाहेर आलं ते आपण दोघींनी वाचलंय.

त्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, चांदी किती अन् कशी घातलीय ते लिहिलंय का बघते. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मनी