एकेक पट्टी दाबून बघणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही लिहिलं तरी तुमच्याकडून फक्त एक अंगठा येतो, म्हणून लेकीसाठी जुना डिजिटल पियानो पारखून दिलात त्याबद्दल हे चारचौघांत लिहितेय. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानाचं नाव घालत नाही. "हातातली कामं उरकत नाहीत, त्यात अजून गर्दी नको," असं तुम्ही बजावलंय. पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास, अंधाऱ्या लाकडी जिन्याने वर, एवढंच सांगते.

मुळात मी आले होते जुन्या कीबोर्डच्या अडॅप्टरची वायर जोडून घ्यायला. आमच्या घरात त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. कंपनी कुठलीही असो, पट्ट्या आहेत आणि प्लगवर चालतं म्हणजे कॅसिओ. लेक दोन वर्षं त्यावरच शिकली. मग तिच्या मॅडमनी सांगितलं की आता 61 पट्ट्या पुरायच्या नाहीत, शिवाय स्प्रिंगवरच्या हलक्या पट्ट्यांनी बोटांना ताकद येत नाही. पियानोच्या ग्रेडच्या परीक्षांना बसवायचं असेल तर 88 पट्ट्यांचा, हॅमर अ‍ॅक्शनचा, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो बघा. सासूबाई म्हणाल्या, "आहे की घरात कॅसिओ." नवरा म्हणाला, घ्यायचा तर नवाच, दुसऱ्याने वापरून टाकलेलं नको. आणि मी रोज रात्री फोनवर सेकंडहँडच्या जाहिराती चाळत बसलेली.

तुमच्यासमोर मी दुकानात बघून आलेली सगळी नावं धडाधड म्हणून दाखवली. यामाहाचा पी-145, रोलँडचा एफपी-10, कॅसिओचा सीडीपी-एस110. कुणात 64 सूर एकदम वाजतात, कुणात 96. कुठला लाइट गेली तरी सहा पेन्सिल सेलवर चालतो. तुम्ही सोल्डरिंग खाली ठेवलंत आणि म्हणालात, "ताई, पोरीला बोटं दहाच ना?" (पेडल दाबून धरलं की सूर साचत जातात आणि तेव्हा तो आकडा कामाला येतो, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. पण तिच्या धड्यांना 64 रग्गड.)

मग कुठल्याशा बिलाच्या पाठीमागे तुम्ही हिशेब मांडलात. तो कागद मी जपून ठेवलाय. नवा 45 हजारांच्या घरात, वर स्टँड, स्टूल, बरं पेडल. खोका उघडला की त्याची किंमत उतरली. पोरीने सहा महिन्यांत सोडलं तर तो खड्डा आपला. जुना नीट पारखून घेतला तर दोन वर्षांनी जवळपास त्याच भावात विकता येतो. पण मागणारा नव्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त मागत असेल तर सरळ दुकानात जायचं, वॉरंटीसकट नवा घ्यायचा. आणि फार जुना, बंद पडलेल्या मॉडेलचा असेल तर स्वस्तातही नको, कारण आतली रबरं आणि बोर्ड मिळत नाहीत. "मला मिळत नाहीत, तर तुम्हाला कुठून मिळणार?"

पहिला बघितला तो औंधचा, अमेरिकेहून परतलेल्या कुटुंबाचा. लाकडी कॅबिनेटचा, दिसायला राजेशाही. मी तर मनात बैठकीतला सोफासुद्धा हलवून ठेवला होता. तुम्ही वाजवलाही नाहीत. वाकून मागच्या पाटीवर टॉर्च मारलात, 120 व्होल्ट वाचलंत आणि उठलात. अडॅप्टर बाहेर असता तर बदलता आला असता, इथे सगळं पोटातच. म्हणजे जन्मभर शेजारी ट्रान्सफॉर्मर. त्यात आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. विषय संपला.

वारज्याचा मात्र मी विसरणार नाही. नवरा-बायको दोघं पंधरा दिवसांत जर्मनीला निघालेले, घरभर खोके, आणि पियानोवर पसरलेलं एक मांजर. मागणी 24 हजार, स्टँड-स्टूल-पेडलसकट. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण जो दोष निघाला त्यात कंपनीचा काही संबंध नव्हता.

मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी वाजवून बघाल. तुम्ही पियानो चालूच केला नाहीत! बंद पियानोवर डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या वाजवत गेलात आणि कान लावून नुसता खटखटाट ऐकलात. आतलं फेल्ट, म्हणजे पट्टी जिच्यावर टेकते ती मऊ गादी, झिजलं की लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज येतो, म्हणालात. मग गुडघ्यावर बसून डोळा पट्ट्यांच्या रेषेत लावलात, सुतार फळी बघतो तसा, कुठली दबलेली आहे का बघायला. मागच्या फटींत टॉर्च. "झुरळं उबेला येतात," हे त्या बाईंसमोरच, त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता.

नंतर पिशवीतून दहा-दहा रुपयांची सात नाणी काढलीत. मला आधी वाटलं बयाणा देताय की काय! त्यांचा मनोरा करून तो एका पट्टीवर ठेवायचा, मग शेजारच्या, मग तिच्या शेजारच्या. सातांचं मिळून साधारण 54 ग्रॅम होतं, पण तुम्ही वजन मोजत नव्हतात, फरक बघत होतात. खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि वर जाल तशा हलक्या, हे बरोबर. खऱ्या पियानोतही तसंच असतं. पण शेजारशेजारच्या दोघींत एकदम फरक पडला, तर आत काहीतरी अडकलंय.

आणि सगळ्यात शेवटी पियानो चालू. स्वतःचे हेडफोन, त्याच्या छोट्या पिनेवर चढवायची ती सोनेरी मोठी पिन, आणि 88च्या 88 पट्ट्या एकेक करून, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तितक्या हळू. वीसेक मिनिटं कुणी बोललं नाही. मधल्या सप्तकात तुम्ही थांबलात, हेडफोन काढून माझ्या कानाला लावलात आणि तीच पट्टी पुन्हा हळूच दाबलीत. ठो! मी दचकलेच.

"काळी तीन," तुम्ही म्हणालात. लेक म्हणाली, "एफ शार्प." दोघंही बरोबर.

मग तुम्ही आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलंत. प्रत्येक पट्टीखाली रबरात कार्बनचे दोन काळे ठिपके असतात. पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो, मग दुसरा. मधला वेळ जितका कमी, तितकं जोरात वाजवलं असं यंत्र धरून चालतं. पहिल्याखाली कचरा आला की तो उशिरा टेकतो, वेळ कमी भरतो, आणि हळू दाबूनसुद्धा सूर केकाटतो. दुकानात पाच मिनिटं एखादं गाणं वाजवून हे कळलं नसतं. उलट मला वाटलं असतं, काय दणदणीत आवाज आहे.

आता कबुली देते. त्या क्षणी मला आनंद झाला होता. दोष सापडला, यांना निघायची घाई, आता 18 हजारांत आणू. आणि तेवढ्यात तुम्ही त्या बाईंना म्हणालात, "साफ केलं की जाईल हे, मोठं काही नाही. 24 मागताय ते योग्य आहे." काका, तेव्हा मला तुमचा असा राग आला की काय सांगू. माणूस आमच्याबरोबर आलेला, आणि बोलतोय त्यांच्या बाजूने! जिना उतरताना मी बोललेही तसं. तुम्ही म्हणालात, "मी तुमच्या बाजूने नव्हतो आलो, पियानो बघायला आलो होतो." बाईंनी आपणहून सफाईचे दीड हजार कमी केले. मी तोंड उघडलंही नव्हतं.

सफाईच्या दिवशी लेक शाळा बुडवून तुमच्याकडे आली, हे तिच्या बाईंना कळलं नाही तर बरं. पंचवीसेक स्क्रू, वर्तमानपत्रावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडलेले, पट्ट्या सप्तकाच्या क्रमाने. तुम्ही रबराची फीत हलकेच उचललीत आणि तिथे, काळी तीनच्या बरोब्बर खाली, एक करडा केस. मांजराचा. चिमट्याने उचलून सेलोटेपने पांढऱ्या कागदावर चिकटवलात आणि लेकीच्या हातात दिलात. बाकी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने तिच्याकडूनच पुसून घेतलेत. तिने मग वारज्याला फोन लावून त्या माऊचं नाव विचारून घेतलं आणि केसाखाली लिहिलं. कागद आता पियानोच्या वरच्या भिंतीवर आहे.

पैसे किती म्हणून विचारलं, तर सफाईचे घेतलेत आणि दोन रविवार स्कूटरवरून हिंडलात त्याचा चहा. तो चहाही तुमच्याच खालच्या टपरीवरचा. मी नवा घेतला असता, तर तुमचं तेवढंही नुकसान झालं असतं, आणि तरी त्या हिशेबाच्या कागदावर खाली तुम्ही लिहिलं होतं: "पारखायला कोणी नसेल तर नवाच घ्या." ज्यांना माझ्यासारखा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी ती ओळ इथे मुद्दाम उतरवते.

नवरा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की सेकंडहँड घ्यायची कल्पना त्याचीच. सांगू दे. पियानोवर तुम्ही म्हणालात तसं सुती कापड घालते, आईंच्या जुन्या नऊवारीतलं. प्लॅस्टिक नाही, पावसाळ्यात आत दमट होतं म्हणून. उदबत्तीही देवघराच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली. सासूबाई अजून त्याला कॅसिओच म्हणतात. पण संध्याकाळी स्वयंपाकघरातून ओरडतात, "आज तो कॅसिओ गप्प का?"

आणि हो, तुमच्या हेडफोनची ती सोनेरी मोठी पिन त्या दिवसापासून आमच्या पियानोतच राहिली आहे. तुम्ही मागितली नाहीत, मी दिली नाही. शनिवारी आणून देते. दुकान चारनंतर उघडं असतं ना?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई